रस्ता, रिंगण आणि बोली

जुलै २०२४ मध्ये 'बिग डॉग्ज' हे रॅप-गीत प्रसिद्ध झाले आणि थोड्याच आठवड्यांत अमेरिकेतील बिलबोर्डच्या मुख्य क्रमवारीत पहिल्या पंचवीस गीतांत जाऊन बसले. हनुमानकाइंड या नावाने गाणाऱ्या सूरज चेरुकाटचा जन्म केरळातील मलप्पुरमचा. बालपणाचा मोठा भाग ह्यूस्टन शहरात गेलेला. गायक म्हणून त्याची घडण मात्र बंगळूरची. बिजॉय शेट्टी यांनी दिग्दर्शित केलेली या गीताची चित्रफीत केरळातील पोन्नानी येथे, जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये घेतलेली आहे. महाराष्ट्रातील मोठ्या जत्रांतून ही लाकडी फळ्यांची विहीर वाचकांनी पाहिलेली असेल. उभ्या भिंतीवरून मोटारी आणि मोटारसायकली गरगरत राहतात, स्वार हात सोडून देतात, आणि विहिरीच्या तळाशी उभा राहून गायक आपले शब्द फेकत असतो. या दृश्याचे जगभर कौतुक झाले.

त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट २०२४ मध्ये, बंगळूर–तुमकूर महामार्गावर नेलमंगलजवळच्या उड्डाणपुलावर काही तरुण पुढचे चाक उचलून स्कूटर पळवीत होते. बंगळुरात या कसरतीला 'व्हीलिंग' म्हणतात. संतापलेल्या वाटसरूंनी दोन स्कूटर उचलून पुलावरून खाली फेकून दिल्या. ते दृश्यही सर्वत्र पसरले आणि फेकणाऱ्यांना शाबासकी मिळाली.

दोन्ही प्रसंगी चाकाची कसरत आहे, दोन्ही ठिकाणी तारुण्याची मस्ती आहे, आणि दोन्ही दृश्ये एकाच पडद्यावर, बहुधा एकाच दिवशी, त्याच प्रेक्षकांनी पाहिली. एकीला संस्कृती म्हटले गेले, दुसरीला उपद्रव. हा न्याय सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. रस्त्यावरच्या कसरतीने निरपराध माणसे मरतात, हे कोणीही नाकारू नये. परंतु या निवाड्याच्या ओघात आणखी एका गोष्टीचा निकाल परस्पर लावला जातो, आणि ती साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेतील आहे. ती म्हणजे या तरुणांची बोली. चाक उचलणारा मुलगा आणि चौकात कन्नड, दखनी वा तमिळमिश्रित रॅप म्हणणारा मुलगा एकच असतो असे नव्हे. बहुतेक वेळा नसतोच. तरीही वय तेच, वस्ती तीच, केशरचना तीच, संबोधने तीच, म्हणून दोघांची गणना एकाच 'उनाड पोरांत' होते. चाकाचा गुन्हा जिभेच्या खात्यावर मांडला जातो. ही गल्लत समाजाने केली तर ती समजण्यासारखी आहे. विद्यापीठांतील भाषाविभागांनीही ती मुकाट्याने स्वीकारावी, हे चिंताजनक आहे.

गाडी, कसरत आणि अपभाषा यांचा खरोखरच एकजीव झालेला संयोग पाहायचा असेल, तर बंगळूर सोडून क्षणभर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑकलंडकडे वळावे लागते. १९८० नंतरच्या दशकात पूर्व ऑकलंडमधील कृष्णवर्णीय तरुण रात्री मोकळ्या चौकांत आणि वाहनतळांवर जमून गाड्या गोल गोल फिरवीत. त्या मेळाव्याला 'साइडशो' असे नाव पडले, आणि रिची रिच या गायकाचे त्याच नावाचे गीत १९९० मध्ये आले. पुढे याच परिसरात 'हायफी' नावाची हिप-हॉपची शाखा बहरली. 'घोस्ट राइडिंग द व्हिप' हा शब्दप्रयोग तिचाच. 'व्हिप' म्हणजे गाडी, आणि 'घोस्ट राइडिंग' म्हणजे ती हळू चालती ठेवून चालकाने खाली उतरावे व तिच्या बाजूने, प्रसंगी टपावर, नाचावे; जणू भूतच गाडी हाकते आहे. व्हॅलेहो गावच्या ई-४० या गायकाचे 'टेल मी व्हेन टु गो' हे गीत २००६ मध्ये गाजले आणि हा शब्द अमेरिकाभर गेला. त्याबरोबर कसरतही गेली, आणि तिच्यापायी काही मृत्यूही झाले. ई-४०ची ख्याती नवे शब्द पाडणारा म्हणून विशेष आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शब्द आणि चाक यांचा जन्म तेथे एकाच चौकात, त्याच लोकांच्या हातून झाला. कसरत वगळली तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

बंगळूरची स्थिती तशी नाही. तेथील व्हीलिंग आणि तेथील रॅपची बोली यांचे उगम वेगवेगळे आहेत. कसरत मोटारसायकलींच्या शर्यतींतून, चित्रपटांतून आणि परदेशी चित्रफितींतून आली. तिचे नावही इंग्रजीच राहिले. बोली मात्र शहराच्या पोटातून, काही शतकांच्या सहवासातून आली आहे. तौलनिक अभ्यासाचा उपयोग येथे होतो: ऑकलंडमध्ये जे एकरूप आहे ते बंगळुरातही एकरूपच असणार, हे गृहीतक त्यामुळे गळून पडते.

या बोलीची घडण पाहण्यासारखी आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेली पेठ कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांची. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी व दखनी येथे स्थिरावल्या. १८०९ मध्ये इंग्रजांनी पेठेपासून काही अंतरावर लष्करी छावणी वसवली, आणि तिच्या आश्रयाने तमिळ भाषकांची मोठी वस्ती झाली. पेठ आणि छावणी यांच्यामधल्या मैदानांतून, बाजारांतून आणि पुढे शाळा-कारखान्यांतून जी मिश्र बोली तयार झाली, तीच आजच्या तरुण रॅपची कच्ची सामग्री होय. तिच्यातील सर्वांत प्रचलित संबोधन 'मच्चा'. हे तमिळ 'मच्चान'चे, म्हणजे मेहुण्याला वा आते-मामेभावाला उद्देशून वापरायच्या शब्दाचे, आखूड रूप. दुसरे 'मगा', कन्नडमध्ये 'मुलगा'. पण बोलणारे दोघेही वीस वर्षांचे. तिसरे 'गुरु', जे अनोळखी रिक्षावाल्यालाही लावता येते. उत्तम या अर्थी 'सक्कत' आणि 'बोंबाट' आहेत. आणि दखनी बोलणारी मुले नकार देताना 'नक्को' म्हणतात, ठासून सांगताना 'ऐसाइच' म्हणतात. हा 'नक्को' मराठी 'नको' आहे आणि तो 'च' मराठीचा निश्चयार्थी 'च' आहे, हे भाषाभ्यासकांना वेगळे सांगावयास नको. ज्याला बंगळूरचा मराठी माणूस 'मुसलमानी हिंदी' समजून दुर्लक्षितो, त्या बोलीत त्याचीच भाषा चार शतके सांभाळली गेली आहे.

नात्यांच्या शब्दांची ही रेलचेल अर्थपूर्ण आहे. ज्या शहरात शेजाऱ्याची मातृभाषा आपल्यापेक्षा वेगळी असण्याचीच शक्यता अधिक, तेथे मैत्रीसाठी नाते उसने घ्यावे लागते. मुंबईच्या मुलांनी यासाठी मराठी खेळांतला 'भिडू' उचलला. बंगळूरच्या मुलांनी तमिळ घरातला मेहुणा आणि कन्नड घरातला मुलगा उचलला. एक नाते खेळातले, दुसरे कुटुंबातले. अर्थात या नात्यांची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ही सारी पुरुषांची नाती आहेत. आणि ज्याला मेहुणा म्हणावयाचे त्याच्या बहिणीवरचा गमतीतला हक्क त्या शब्दात दडलेला आहेच. या बोलीत स्त्री बहुधा बोलणारी नसते, बोलण्याचा विषय असते. तिची बाजू घेणाऱ्या अभ्यासकाने हे झाकू नये.

बंगळूरच्या हिप-हॉपचा आरंभीचा एक महत्त्वाचा गट 'मचाज विथ अ‍ॅटिट्यूड' या नावाने ओळखला गेला. ब्रोधा व्ही आणि स्मोकी द घोस्ट हे त्यातले गायक. ज्याच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्पटन' या १९८८ च्या गीतसंग्रहाने अमेरिका हादरली, त्या कॅलिफोर्नियाच्या एन. डब्ल्यू. ए. गटाच्या नावाचे हे उघड विडंबन आहे. पण त्यातील एक शब्द बदलला आहे. ज्या जागी तेथे वर्णद्वेषाची शिवी होती, जी त्या तरुणांनी स्वतःच्या अंगावर अभिमानाने पांघरली होती, त्या जागी येथे मेहुणा आला. या एका अदलाबदलीत अनुकरण आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. पुढे ब्रोधा व्हीने २०१२ मध्ये 'आत्म राम' या गीतात इंग्रजी रॅपला रामभजनाची जोड दिली. नीलसंद्र वस्तीतून आलेला पाशा भाय दखनीत रॅप करतो. चंदन शेट्टी, ऑल ओके यांनी कन्नड रॅप घरोघरी नेले. आणि पाशा भायच्या दखनीत मुलाला जो 'पोट्टा' म्हणतात, तोच 'पोट्टा' वऱ्हाडातही आहे, जेथून अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठी रॅप घेऊन पुढे आला. त्याने आपले नाव '१००आरबीएच' असे लिहिले. शंभराला हिंदीत 'सौ' म्हणतात, एवढे आठवले की कोडे सुटते. नीलसंद्र आणि अमरावती यांना जोडणारा हा धागा कोणत्याही भाषाविभागाच्या अभ्यासक्रमात नाही.

कसरतपटूंची बोली आणि तिच्याविषयी राज्यसंस्थेला वाटणारा संशय ही आजची गोष्ट मात्र नव्हे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भटक्या जमातींच्या बोलींबरोबर कोल्हाटी आणि गारोडी यांच्या सांकेतिक बोलींची नोंद आहे. कोल्हाटी दोरावर चालणारे, उड्या मारणारे. गारोडी हातचलाखी करणारे. शब्दांच्या आरंभीचे वर्ण बदलून किंवा नवे जोडून परक्याला अर्थ लागू नये अशी योजना या बोलींत असे. म्हणजे शरीराची कसरत आणि जिभेची कसरत यांची जोडी या भूमीवर पुरातन आहे. पण ज्या काळात ही नोंद झाली, त्या काळात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अमलात होता. अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या गेल्या होत्या आणि त्यांची गुप्त बोली हा त्यांच्याविरुद्धचा जणू एक पुरावाच होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या बोली मात्र साहित्यात आल्या त्या सर्वेक्षणाच्या खंडातून नव्हे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये. बोलणाऱ्याने स्वतः लिहिले तेव्हाच त्या शब्दांच्या मागचे घर, भूक आणि भीती वाचकाला दिसली. नोंद करणारा कोण आहे आणि कशासाठी नोंद करतो आहे, यावर शब्दाचा अर्थ किती अवलंबून असतो, हे या दोन प्रकारच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कळते.

आता चाकाकडे. रस्त्यावरच्या व्हीलिंगचे समर्थन करता येत नाही आणि ते येथे करावयाचेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील धोकादायक चालवण्याविषयीचे १८४ वे व विनापरवाना शर्यतींविषयीचे १८९ वे कलम यासाठी लावता येते. मे २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने व्हीलिंगच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना एवढे पुरेसे नाही, स्वतंत्र कठोर तरतूद हवी, असे मत दिले. न्यायालयाची चिंता रास्त आहे. फक्त एक भेद ध्यानात घ्यावा. विहिरीतला स्वार आणि पुलावरचा स्वार यांच्यातील फरक धाडसाचा नसून जागेचा आहे. विहिरीत वेग हाच आधार असतो. वेगामुळे चाक भिंतीवर दाबले जाते, त्या दाबातून घर्षण उत्पन्न होते आणि ते घर्षण गाडीचे वजन पेलते. वेग ओसरला की स्वार कोसळतो. रस्त्यावर नेमके उलट असते. तेथे वेग हाच घातक. शिवाय विहिरीतली जोखीम बव्हंशी स्वाराची असते, आणि प्रेक्षक ती तिकीट काढून, कठड्यामागून पाहतो. रस्त्यावरची जोखीम ज्याने तिकीट काढले नाही त्याच्यावरही लादली जाते. रिंगण आखले की धाडसाची कला होते. रिंगण नसले की तेच धाडस दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

रिंगण आखण्याची ही बुद्धी भारतीय समाजाला अपरिचित नाही. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू, कर्नाटकातील कंबळ आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनारपट्टीवरची रेड्यांची कंबळ शर्यत बंगळूरच्या पॅलेस मैदानावर मोठ्या थाटात भरवण्यात आली. चिखलाचा मार्ग तयार केला गेला, नियम झाले, प्रतिष्ठित लोक प्रेक्षागारात बसले. परंपरेचे नाव लाभलेल्या धाडसासाठी राजधानीच्या मध्यभागी मैदान मिळते. ज्या धाडसाच्या पाठीशी जमीनदार नाही, जात-संघटना नाही, दैवत नाही, त्याच्या वाट्याला केवळ कलम येते. शहराने आपल्या तरुणांसाठी चाकाचे रिंगण आखावे की नाही, हा नगरप्रशासनाचा प्रश्न आहे. साहित्याभ्यासकाने त्याविषयी फार बोलू नये. त्याने आपल्या हाती असलेल्या रिंगणाविषयी बोलावे. बोलीला रिंगण देणे त्याचे काम आहे.

बोलीची जोखीम चाकाच्या जोखमीहून वेगळ्या जातीची आहे. शब्द बोचतो, दुखवतो, प्रसंगी भडकवतो. परंतु त्याला उत्तर देता येते. रस्त्यात आडवी आलेली गाडी उत्तराला अवसर देत नाही. या उत्तर देण्याच्या शक्यतेवरच आपल्याकडची एक समृद्ध परंपरा उभी आहे. मराठीतील कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब सर्वांस ठाऊक आहेत. उत्तर कर्नाटकात, विशेषतः बेळगाव आणि विजापूर भागात, त्याच परंपरेचे कन्नड रूप हरदेशी-नागेशी या नावाने नांदत आले आहे. शिवाचे श्रेष्ठत्व सांगणारा हरदेशी पक्ष आपल्या तुऱ्याला जुळतो, शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारा नागेशी पक्ष कलगीला. डफाच्या ठेक्यावर एक गट दुसऱ्याला कूट घालतो, टोमणा मारतो, प्रसंगी मर्यादा ओलांडतो, आणि दुसरा गट त्याच चालीत त्याची परतफेड करतो. दोन रॅप गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांवर शब्दांचे वार करतात, तेव्हा ते न्यूयॉर्कचे अनुकरण करीत असतात हे खरेच. पण ज्या प्रेक्षकासमोर ते उभे असतात, त्याच्या आजोबाने रात्रभर जागून ऐकलेल्या खेळाची रीतही तीच होती. अनुकरण म्हणून हिणवण्यापूर्वी अनुकरण कशावर रुजले, हे पाहणे अभ्यासकाला बंधनकारक आहे.

या बोलीविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. ती परकी आहे, ती अश्लील आहे, ती क्षणभंगुर आहे. पहिल्याचे उत्तर वर आले. दुसरा आक्षेप मराठीला नवा नाही. भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा छापील पानावर पाहून आचार्य अत्र्यांसारखा, स्वतः भाषेचा मल्ल असलेला माणूस खवळला. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती, आणि त्या कवितेतील कित्येक शब्द आपणास परके आहेत याची प्रांजळ जाणीव तीत होती. प्रस्थापित लेखकाने अपरिचित बोलीपुढे विद्यार्थी होऊन बसण्याचा तो प्रसंग मराठी समीक्षेने विसरू नये. कन्नडमध्येही सिद्धलिंगय्या यांच्या 'होलेमादिगर हाडु'ने १९७५ मध्ये बंगळूरच्या झोपडपट्टीचा संताप कवितेत आणला. या तिन्ही पुस्तकांना आज पाठ्यपुस्तकांत आणि प्रबंधांत स्थान आहे. तेव्हा प्रश्न बोली सभ्य आहे की नाही एवढाच असेल, तर त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे. अश्लीलतेच्या आडून स्त्रीची किंवा दुबळ्याची हेटाळणी होत असेल, तर तिचा निषेध अवश्य करावा. पण निषेध करण्यासाठीही आधी ऐकावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारात घेण्याजोगा आहे. तरुणांचे शब्द दर पाच-दहा वर्षांनी बदलतात. त्यांचा अभ्यास करून काय साधणार? वस्तुतः शब्द लवकर मरतात, हे ते तातडीने टिपण्याचे कारण आहे. पतंजलीला अपशब्द त्याज्य वाटत होते. तरीही 'गौः' या एका शुद्ध शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही लोकांतली रूपे त्याने महाभाष्यात लिहून ठेवली, आणि आज प्राकृतांच्या अभ्यासकाला त्या नापसंतीचाच उपयोग होतो. मोल्सवर्थने आपल्या मराठी कोशात, १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये, शिष्टांबरोबर बाजारी शब्दांनाही जागा दिली. कन्नडमध्ये तर अगदी अलीकडचे उदाहरण आहे. जी. वेंकटसुब्बय्या यांच्यासारखा व्युत्पन्न कोशकार 'प्रजावाणी' दैनिकात 'इगो कन्नड' हे सदर अनेक वर्षे चालवीत होता आणि सामान्य वाचकांनी विचारलेल्या रोजच्या शब्दांची उत्तरे देत होता. १९१३ मध्ये जन्मलेले वेंकटसुब्बय्या २०२१ मध्ये गेले. त्यांच्या सदराची ती बैठक आज कोणत्या विद्यापीठाने पुढे चालवली आहे, असा प्रश्न विचारला तर भाषाविभागांना अवघडल्यासारखे होईल.

येथे पुन्हा 'बिग डॉग्ज'कडे यावे लागते. त्या गीताने जगाला जत्रेतली विहीर दाखवली. बंगळूरची बोली मात्र ऐकवली नाही. गीत इंग्रजीत आहे आणि त्या इंग्रजीचा बाज अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आहे. यात गायकाचा दोष नाही. ती त्याच्या बालपणाची भाषा आहे, आणि रंगीत, संथ चालणाऱ्या गाड्यांचा जो शौक ह्यूस्टनच्या हिप-हॉपमध्ये मुरलेला आहे, त्याच्याशी जत्रेतल्या गाड्या जोडण्याची त्याची कल्पना खरोखर मोठी आहे. दोष असलाच तर तो ऐकणाऱ्यांचा. एका गीताला जागतिक बाजाराची पसंती मिळाली की तेच 'भारतीय हिप-हॉप' ठरते, आणि कन्नड, दखनी, तमिळ, वऱ्हाडी या भाषांतले तिचे सोबती 'प्रादेशिक' या खान्यात जातात. डोळ्यांना देशी दृश्य आणि कानांना परदेशी उच्चार, अशी ही वाटणी आहे. दृश्य सहज भाषांतरित होते; बोली होत नाही. म्हणूनच बाजार दृश्य उचलतो आणि बोली मागे ठेवतो. मागे राहिलेले उचलण्याचे काम विद्यापीठाचे, कारण ते दुसरे कोणी करणार नाही. पोलीस टिपून ठेवतील ते वाहनांचे क्रमांक. चित्रपट घेतील ते खलनायकाला शोभणारे चार शब्द.

हे काम फार खर्चाचे नाही. बंगळूरसारख्या शहरात ज्या विद्यापीठाला कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू यांचे विभाग आहेत, त्याने त्या विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वस्तीवार शब्दसंग्रह करावा: शब्द, तो कोणी, कोणास, कोठे आणि कोणत्या वर्षी उच्चारला, एवढी नोंद पुरे. मराठीच्या अभ्यासकाने त्यात दखनीचा वाटा उचलावा. 'नक्को' ऐकण्यास त्याचा कान सर्वांहून तयार आहे. गायकांना वर्गात बोलवावे, ते निव्वळ करमणुकीसाठी नव्हे, तर आपल्या शब्दांचे अर्थ त्यांनी स्वतः सांगावेत म्हणून. नोंदीवर त्यांचे नाव असावे, आणि जे शब्द त्यांना आपसांतच ठेवावयाचे असतील ते त्यांच्याकडेच राहू द्यावेत. १९२२ चा खंड आणि 'उचल्या' यांच्यातील अंतराने दिलेला धडा एवढाच आहे. हरदेशी-नागेशी आणि रॅपची झुंज एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी लावावीत आणि विद्यार्थ्यांना फरक शोधावयास सांगावे. फरक पुष्कळ सापडतील, आणि त्यांतूनच तौलनिक साहित्याभ्यासाला आपला विषय पुन्हा गवसेल.

उड्डाणपुलावरून खाली फेकलेल्या स्कूटर कोणीतरी उचलून नेल्या असतील. त्यांचा हिशोब पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात होईल, आणि तो तेथेच व्हावा. परंतु त्या पुलाखालच्या वस्तीत एखादा मुलगा आपल्या मित्राला 'मगा' म्हणून हाक मारतो आणि तमिळ मेहुणा, कन्नड मुलगा व मराठी नकार एका ओळीत गुंफतो, त्याचा हिशोब ठेवणारे कार्यालय अजून उघडलेले नाही. ते भाषाविभागांनी उघडावे.